कोणती अर्जुनी?

‘अर्जुनीला येतोय’ असा पाहुण्यांचा फोन आला की आम्ही आधी विचारतो, कोणत्या? गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाचे तालुके दोन. मुंबई-कोलकाता महामार्गावरची ती सडक अर्जुनी. आमची अर्जुनी मोरगाव गोंदिया-बल्लारशा रेल्वेवर. एसटीचं तिकीट काढताना नुसतं ‘अर्जुनी’ म्हणालात तर भलत्याच गावात उतराल. मोरगाव म्हटलं की काहींना मयूरेश्वर आठवतो; ते मोरगाव बारामती तालुक्यात. आमच्याकडे प्रतापगडही आहे, पण अफझलखानाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुसरा समज असा, की इथे यायचं ते फक्त वाघासाठी. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, हे खरं. पण सकाळी जिप्सीत बसायचं, दुपारी ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत परतायचं, ही सहल मला तरी पैसे वाया घालवणारी वाटते. पावसाळ्यात तर सफारी बंदच असते.

त्यापेक्षा नवेगावबांध तलावाच्या पाळीवर तासभर बसा. हिवाळ्यात पाणपक्षी उतरलेले असतात. टेकड्यांच्या कुशीतलं ते अफाट पाणी पाहून लोकांना तलाव नैसर्गिकच वाटतो. तो माणसांनी बांधलाय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला, असं सांगतात. टेकड्यांच्या मधली खिंड मातीच्या पाळीने अडवायची, जादा पाण्याला सलंग ठेवायची, खाली धानाच्या बांध्या भिजवायच्या: कोहळी समाजाचं हे कसब या भागातल्या शेकडो तलावांत दिसतं. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. त्यांतल्या एकीवर कोलासूर देवाचं ठाणं आहे. हा देव म्हणजे तोच कोलू पाटील. तलाव बांधणाऱ्याला लोकांनी देव केलं. नुसती पाटी लावून मोकळे झाले नाहीत.

‘आदिवासी भाग, बाकी कोण असणार?’ असंही विचारतात. गोंड तर आहेतच. पण इटियाडोह धरणाकडे गोठणगावला गेलात की घरांवर रंगीत प्रार्थना-पताका फडफडताना दिसतील. ही नॉर्गेलिंग तिबेटी वसाहत, १९७२ पासूनची. आम्ही नुसतं ‘कॅम्प’ म्हणतो. जवळच्या प्रतापगडावर महादेवाचं देवस्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा, दोन्ही आहेत.

आता कधी यायचं? ‘हिवाळाच उत्तम’ हे अर्धंच खरं. पक्षी हिवाळ्यात, दिवाळीनंतरच्या मंडई, म्हणजे गावजत्रा, हिवाळ्यात, आमच्या झाडीपट्टीची नाटकंही तेव्हाच. ही नाटकं रात्री उशिरा सुरू होतात आणि पहाटे सुटतात, तेव्हा परतीची गाडी दुसऱ्या दिवशीचीच धरा. पण कॅम्पातली बरीच मोठी माणसं त्या दिवसांत स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात. ती लोसरला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, घरी परततात. प्रतापगडची जत्रा महाशिवरात्रीला. पुष्कळदा हे दोन्ही सण लागोपाठ येतात: २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, लोसर २८ ला. त्याआधीच्या वर्षी मात्र दोन्हींत जवळजवळ महिन्याचं अंतर पडलं होतं. म्हणून तिकीट काढण्याआधी पंचांग बघा, आणि लोसरची तारीख कॅम्पात विचारून घ्या.