लान्सर इव्होल्युशन: अपघातानंतरची पुनर्बांधणी व इंजिन ट्यूनिंग

अपघातात नुकसान झालेल्या वेगवान सेडान गाडीचा सांगाडा मूळ मापांवर आणणे आणि तिचे इंजिन उघडून ते अधिक शक्तीसाठी नव्याने जुळवणे, या दुहेरी कामाला पुनर्बांधणी व ट्यूनिंग असे म्हणतात. जपानमधील मित्सुबिशी कंपनीची लान्सर इव्होल्युशन ही गाडी या कामाचे परिचित उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

रॅली शर्यतींच्या नियमांची पूर्तता करण्यासाठी ही गाडी १९९२ मध्ये बाजारात आली. फिनलंडचा चालक टॉमी मॅकिनेन याने मित्सुबिशीच्या गाडीतून १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवले. पहिल्या नऊ आवृत्त्यांत ४जी६३टी हे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन होते. सिलिंडरचा व्यास ८५ मिमी, पिस्टनची धाव ८८ मिमी आणि एकूण क्षमता १,९९७ घन सेंमी आहे. जपानी बाजारातील पहिल्या आवृत्तीची घोषित शक्ती २५० मेट्रिक अश्वशक्ती होती व चौथ्या आवृत्तीपासून ती २८० झाली. ही मर्यादा यांत्रिक नव्हती. जपानी उत्पादकांनी आपसांत पाळलेल्या संकेतामुळे ती आली होती. ओतीव लोखंडाचा भक्कम ब्लॉक याहून बराच अधिक दाब सोसू शकतो. त्यामुळे हे इंजिन ट्यूनिंग करणाऱ्यांच्या पसंतीस उतरले.

सांगाड्याची दुरुस्ती

या गाडीला स्वतंत्र चासी नसते. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा असतो. म्हणून बाहेरून किरकोळ दिसणाऱ्या धडकेनेही चाकांचे कोन बिघडू शकतात. गाडी मापन-बाकावर पक्की बसवून ठरावीक बिंदूंमधील अंतरे कंपनीच्या मापांशी ताडली जातात आणि वाकलेला भाग हळूहळू ओढून सरळ केला जातो. उच्च-ताण पोलाद तापवून सरळ केल्यास त्याचे बळ कमी होते. असे भाग कापून नवे जोडणे श्रेयस्कर ठरते. फुटलेल्या एअरबॅग व ओढले गेलेले सीटपट्टे पुन्हा वापरता येत नाहीत. हवा थंड करणारा इंटरकूलर पुढच्या बंपरमागेच असल्याने समोरच्या धडकेत रेडिएटरच्याही आधी तो निकामी होतो.

इंजिनाची तपासणी

धडकेनंतर तेल गळत असताना इंजिन चालू राहिले असेल, तर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांची झीज झालेली असते. धातूचा चुरा ऑइल कूलर व नळ्यांत साचून राहतो. हे भाग स्वच्छ केले नाहीत किंवा बदलले नाहीत, तर हाच चुरा नव्या टर्बोच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचतो. या इंजिनात कंपन कमी करणारे दोन संतुलक दंड असून त्यांपैकी एक लहान पट्ट्याने फिरतो. तो पट्टा तुटून मुख्य टायमिंग पट्ट्यात अडकल्यास झडपांची वेळ चुकते आणि त्या पिस्टनवर आदळतात. म्हणून दोन्ही पट्टे एकाच वेळी बदलले जातात. काही कारागीर संतुलक दंड काढूनच टाकतात; त्याची किंमत वाढलेल्या कंपनाने मोजावी लागते.

शक्तिवाढीचे तत्त्व

इंजिनाची शक्ती त्यात जाणाऱ्या हवेच्या वस्तुमानावर अवलंबून असते. टर्बोने वातावरणाच्या दाबावर आणखी एक बार दाब दिला, तर तापमान तेच राहिल्यास सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट हवा मावते. परंतु दाबलेली हवा तापते व विरळ होते. इंटरकूलर ती पुन्हा थंड करतो. वाढलेल्या हवेच्या प्रमाणात इंधनही लागते. त्यासाठी मोठे इंजेक्टर व अधिक क्षमतेचा पंप बसवतात. दाब फार वाढवायचा असल्यास घडीव पिस्टन व कनेक्टिंग रॉड वापरतात.

इंधन व ठिणगीची जुळवणी

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग इंधन लागते. टर्बोच्या पूर्ण दाबाखाली मात्र हे प्रमाण सहसा ११ ते १२ च्या दरम्यान ठेवतात, कारण जादा इंधनाने ज्वलनकक्ष थंड राहतो. ठिणगी जितकी लवकर, तितका जोर एका मर्यादेपर्यंत वाढतो. त्यापुढे मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप पेटून नॉकिंग होते. तीव्र नॉकिंगने पिस्टन थोड्याच वेळात फुटू शकतो. म्हणून ही जुळवणी डायनामोमीटरवर, नॉकिंगवर लक्ष ठेवून, लहान टप्प्यांनी केली जाते. एका ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेली जुळवणी कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर घातक ठरू शकते. गाडी चारही चाकांनी चालत असल्याने चार रुळांचा डायनामोमीटर आवश्यक असतो.

सुरक्षितता व कायदा

शक्तीबरोबर क्लच, ब्रेक व शीतन यांची क्षमताही वाढवावी लागते. सांगाडा मापात नसेल, तर वाढलेली शक्ती चालकाच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच सांगाड्याची तपासणी आधी व शक्तिवाढ नंतर, हा या कामाचा क्रम असतो. ब्रिटनमध्ये विमा कंपन्या अपघातग्रस्त गाड्यांची वर्गवारी करतात. २०१७ पासून सांगाड्याचे नुकसान झालेल्या, परंतु दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्यांसाठी ‘एस’ हा वर्ग आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळे होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही मर्यादा अधोरेखित केली.