सात्यांना शास्त्रीय नाव मिळतं तेव्हा

पावसाची झड लागून गेली आणि उघडीप पडली, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या आठवडी बाजारांत सात्यांचे वाटे दिसू लागतात. वारुळावर आणि त्याच्या आसपास उगवणारी ही रानअळिंबी. कोणत्या वारुळावर ती आधी येते, कळी असताना काढायची की छत्री उघडल्यावर, हे रानात जाणाऱ्या बायांना पाठ असतं. कवकशास्त्राचं काम खरं तर याच ज्ञानापासून सुरू व्हायला हवं, असं मला वाटतं.

सात्या म्हणजे वाळवीची शेती. ओडोन्टोटर्मिस जातकुळीची वाळवी लाकूड आणि पालापाचोळा खाऊन वारुळात आणते आणि आपल्या विष्ठेपासून सच्छिद्र पोळी रचते. त्या पोळ्यांवर ती कवक वाढवते. कवक लाकडातले कठीण घटक फोडतं आणि वाळवीचं पोषण होतं. ही भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांची आहे. पावसाळ्यात तेच कवक पोळ्यापासून लांबलचक मुळासारखा देठ वर ढकलतं आणि जमिनीबाहेर छत्री उघडतं.

फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ मध्ये या अळिंब्यांसाठी टर्मिटोमायसेस ही प्रजाती मांडली. पुढे मद्रास विद्यापीठातले के. नटराजन यांनी दक्षिण भारतातल्या एका अळिंबीचं बारकाईनं वर्णन केलं आणि १९७९ मध्ये तिला टर्मिटोमायसेस हाइमाय हे नाव दिलं. देठावरचं जाड, टिकून राहणारं कडं ही तिची एक खूण. ती त्याआधीही उगवत होती, लोक खातही होते. शास्त्रासाठी ती नवी ठरली, कारण जुन्या कोणत्याही जातीच्या वर्णनात ती बसत नव्हती. याच प्रजातीतली मायक्रोकार्पस ही जात अगदी छोटी. वाळवीनं बाहेर टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर ती शेकड्यांनी उगवते आणि तिला लांब मूळ नसतं. म्हणून सात्या उपटून चालत नाही. मूळ थेट पोळ्यापर्यंत उकरून पाहावं लागतं. उपटताना मूळ तुटलं, तर ओळखीची मोठी खूण मातीतच राहते.

नमुना घेण्याआधी जागेवर फोटो, जवळची झाडं, माती, वास, कापल्यावर रंग बदलतो का, हे सगळं टिपायचं. वाळल्यावर रंग आणि वास दोन्ही जातात, म्हणून ही टिपणं नमुन्याइतकीच मोलाची. मग छत्री कागदावर पालथी घालून रात्रभर ठेवायची. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो: सात्यांचा फिकट गुलाबी, तर विषारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा हिरवट. या दुसरीचे खालचे पडदे कोवळेपणी पांढरे असतात, त्यामुळे नुसत्या नजरेला ती सहज फसवते. चांदीचं नाणं काळं पडतं का, किडीनं खाल्लंय का, या गावोगावच्या परीक्षा विष ओळखू शकत नाहीत. काही अमानिटा जातींच्या विषाची लक्षणं ६ ते १२ तासांनी किंवा त्याहून उशिरा दिसतात, तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. खात्री नसलेली अळिंबी ताटात येऊच नये.

पुढचं काम प्रयोगशाळेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंची लांबी-रुंदी मोजतात, आयोडीनच्या द्रावणात त्यांचा रंग पाहतात. मग डीएनए. त्यातला आयटीएस नावाचा तुकडा २०१२ मध्ये कवकांचा बारकोड म्हणून सुचवला गेला. पण तोही एकटा पुरत नाही. जवळच्या जातींशी आणि जुन्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहावं लागतं. १ जानेवारी २०१३ पासून नव्या कवकाच्या नावासाठी मान्य नोंदणीकेंद्राचा क्रमांक बंधनकारक आहे, आणि आधारभूत नमुना संग्रहालयात असावाच लागतो. वर्णन लॅटिनमध्येच लिहिण्याची अट त्याआधी २०१२ मध्ये सुटली.

महाराष्ट्रात असे नमुने जपायला जागा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक संग्रहालय आहे, तिथल्याच ए. व्ही. साठे यांनी १९८० च्या सुमारास राज्यातल्या अळिंब्यांवर पायाभूत काम केलं. जगात नाव मिळालेली कवकं सुमारे दीड लाख आणि २०१७ च्या एका अंदाजानुसार एकूण जाती २२ ते ३८ लाख. एवढी तफावत असताना राज्यातल्या सर्वाधिक जंगलाच्या गडचिरोली जिल्ह्यात नमुने गोळा करणाऱ्यांची रीघ लागायला हवी. २०११ मध्ये स्थापन झालेलं गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे. शहरातून दोन दिवसांसाठी आलेल्या अभ्यासकाला सात्यांची वेळ साधणं कठीण. तिथल्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या आईला ते साधतं.

मात्र हे काम ग्रामसभेला विचारूनच व्हावं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. तिथे गावकरी आणि बाहेरचे जाणकार अभ्यासगटात एकत्र बसून शिकत आले आहेत. जैवविविधता कायदा २००२ चा, त्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. त्यांत सात्यांना वेगळं पान हवं. नमुन्याच्या चिठ्ठीवर तारीख, जागा, वारूळ आणि झाड यांच्यासोबत गोंडी किंवा माडिया नाव लिहावं, आणि तिची संमती असेल तर जिनं वारूळ दाखवलं त्या बाईचंही.