घारीच्या पायातले कोलीत

'माकडाच्या हाती कोलीत' ही म्हण आपल्याकडे केव्हा आणि कुणाला उद्देशून काढली जाते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. विस्तव वापरण्याची अक्कल माणसालाच असते, आणि माणसांतही काहींनाच, असे तिच्यात गृहीत धरलेले आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा अनुभव मात्र वेगळेच सांगतो.

तिथे साधारण मे ते ऑक्टोबर हे कोरडे महिने. या दिवसांत गवताळ रानांना वणवे लागतात. आगीपुढे टोळ, सरडे, उंदीर जीव घेऊन पळतात आणि आगीच्या तोंडाशी जमलेले शिकारी पक्षी त्यांना टिपतात. इथवर कुणाचाच वाद नाही. आदिवासी याच्या पुढचे सांगतात. रस्त्याशी वा ओढ्याशी येऊन आग थांबली, की हे पक्षी धुमसती काटकी पायात वा चोचीत उचलतात, पलीकडच्या न जळलेल्या गवतात टाकतात आणि नवी शिकार उठवतात. असे तीन पक्षी ते दाखवतात : काळी घार, शीळ घालणारी घार आणि तपकिरी ससाणा. यांतली काळी घार म्हणजे आपल्या गावांवर घिरट्या घालणाऱ्या घारीचीच जात.

ही गोष्ट छापून आली ती १९६२ साली. अलावा जमातीच्या वायपुलदान्या यांचे आत्मकथन 'आय, द ॲबॉरिजिनल' या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पक्ष्याने जळती काटकी सुमारे अर्धा मैल नेऊन टाकलेली आपण स्वतः पाहिली, असे त्यात ते सांगतात. पुस्तकात 'मी' आदिवासीचा आहे; लेखक म्हणून नाव मात्र डग्लस लॉकवूड या गोऱ्या पत्रकाराचे आहे. पुढे २०१७ साली मार्क बोन्टा, बॉब गॉस्फर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासींच्या व इतर प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी एकत्र करून शोधनिबंध लिहिला, तेव्हा कुठे जगभर या पक्ष्यांची चर्चा झाली.

मधली ५५ वर्षे कुठे गेली? माहिती दडलेली नव्हती. कमी होती ती साक्षीदाराची पत. ही भूमी कुणाचीच नव्हती, या समजुतीवर तिथली वसाहत उभी राहिली आणि १९९२ च्या माबो निकालापर्यंत कायद्यानेही ती समजूत सांभाळली. ज्यांना जमिनीचे मालक मानले नाही, त्यांना ज्ञानाचे मालक कोण मानणार? ते जे पाहत होते त्याला दंतकथा म्हणणे सोयीचे होते.

मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. पाऊस, गुरांची दुखणी, रानातला पाला यांविषयी घरात पुष्कळ माहिती होती. तिच्यावर एकही गुण मिळत नसे. म्हणून या प्रश्नाकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही.

तरीही एक पथ्य पाळले पाहिजे. शोषिताने सांगितले म्हणून ते खरेच, असे म्हणणे हा आदर नव्हे. पक्षी हे हेतुपुरस्सर करतो की भक्ष्य झडपताना काटकी चुकून पायात येते, ही शंका रास्त आहे. नुसत्या साक्षींवर तिचा निकाल लागत नाही. त्यासाठी निरीक्षण हवे, चिकित्सा हवी. पण चिकित्सा करायची तर आधी साक्ष नोंदवली पाहिजे. आणि हा केवळ पंडितांचा वाद नाही. पक्षी आग पलीकडे नेतो हे ठाऊक असलेला आग विझवणारा, आग रस्त्याशी थांबली म्हणून निर्धास्त होत नाही. पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून आदिवासी वनरक्षक कोरड्या हंगामाच्या आरंभीच बेताची आग लावून पुढचे मोठे वणवे रोखतात. अशा जाळण्याला गोऱ्या सत्तेने एकेकाळी आडकाठीच केली होती.

आपले विद्यार्थी पाड्यावस्त्यांवर माहिती गोळा करायला जातात. त्यांनी 'स्थानिक लोक असे मानतात' हे वाक्य लिहू नये. कोणी पाहिले, कुठे पाहिले, कोणत्या शब्दांत सांगितले, हे सांगणाऱ्याच्या संमतीने त्याच्या नावानिशी लिहावे. मग खुशाल तपासावे.