किडीचे पाय मोजणारा जुना कॅमेरा

मिरचीच्या शेंड्याची पाने वळली, झाड बोकडले, की शेतकऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब, कोणते औषध मारू?" कीड कोणती आहे असे विचारणारा क्वचितच भेटतो. वास्तविक पैसा वाचवणारा प्रश्न तोच आहे.

फुलकिड्यांमुळे पाने वळतात ती वरच्या बाजूला, होडीसारखी. पिवळ्या कोळ्यामुळे वळतात ती खालच्या बाजूला, पालथ्या होडीसारखी. (पांढरी माशी पसरवते तो विषाणूचा बोकड्या निराळा, त्याविषयी पुन्हा केव्हातरी.) फुलकिडा हा कीटक आहे, त्याला सहा पाय. कोळी हा कीटकच नव्हे. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ पाय असतात. फुलकिड्यांसाठी आणलेले औषध कोळ्याला बहुधा लागू पडत नाही. उलट काही औषधांनी कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी जोमाने वाढतो. म्हणजे पदरचे पैसे घालून कीड पोसल्यासारखेच झाले! त्यातून दोन्ही किडी एकाच झाडावर असल्या, की नुसत्या पानाच्या वळणावरून काही ठरवता येत नाही. पायच मोजावे लागतात.

आता पाय मोजायचे कसे? फुलकिडा जेमतेम १ मिलिमीटर लांब, म्हणजे तिळाच्या निम्म्याहूनही लहान. पिवळा कोळी त्याच्याही पाचव्या हिश्श्याएवढा, सुमारे ०.२ मिलिमीटर. दहा पट मोठे दाखवणारे हातभिंग प्रत्येक घरी असावेच. उद्या सकाळी फवारणी करायची असेल तर तेच बरे. पण भिंगातून एका वेळी एकालाच दिसते, आणि तोवर फुलकिडा पळतो. फोटो असला म्हणजे दहा जण ओट्यावर बसून पाहतात, वाद घालतात, पाय मोजतात.

मोबाइलला चिमट्याचे भिंग लावूनही फोटो निघतो, हे मला ठाऊक आहे. तरी ज्यांच्या माळ्यावर फिल्मचा जुना कॅमेरा धूळ खात पडला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लेन्स काढता येणारा कॅमेरा मात्र हवा. पेन्टॅक्स के १००० (हा १९७६ ते १९९७ पर्यंत निघत होता) किंवा रशियन झेनिट चालेल. दुसरी वस्तू म्हणजे फोटो मोठे करण्याच्या यंत्राची, एन्लार्जरची, ५० मिलिमीटरची लेन्स. डिजिटल आल्यापासून फोटो स्टुडिओंतून ही यंत्रे अडगळीत पडली आहेत. गोडीने विचारले तर लेन्स स्वस्तात मिळून जाते.

यातले तत्त्व सोपे आहे. लेन्स फिल्मपासून जितकी लांब न्यावी, तितके चित्र मोठे पडते. चौपट मोठे हवे असेल तर ५० ला ५ ने गुणावे, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांत २५० मिलिमीटर अंतर हवे. त्यातले सुमारे ४५ कॅमेऱ्याच्या अंगातच जातात. उरलेल्या वीतभर अंतरासाठी नळी लागते. ठिबकच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या. आतून काळा, न चकाकणारा कागद चिकटवा, नाहीतर सगळा फोटो पांढुरका येतो. कॅमेऱ्याच्या तोंडाचे प्लॅस्टिकचे झाकण मधोमध कापून एका टोकाला बसवा. दुसऱ्या टोकाच्या बुचाला भोक पाडून लेन्स बसवा, पण उलटी! एन्लार्जरमध्ये लेन्सच्या मागच्या बाजूला लहान निगेटिव्ह असते आणि पुढच्या बाजूला मोठा फोटो पडतो. आपल्याला निगेटिव्हच्या जागी कीड ठेवायची आहे, म्हणून लेन्सची मागची बाजू किडीकडे हवी. एवढे उलटेपण सांभाळले तर स्वस्तातली लेन्सही स्वच्छ चित्र देते.

किती पट झाले ते कळायला कंपासपेटीतली पट्टी लेन्ससमोर धरा. फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते. तेवढ्या रुंदीत पट्टीचे ९ मिलिमीटर मावले, की चौपट झाले. चौपटीने फुलकिडा निगेटिव्हवर ४ मिलिमीटरचा येतो आणि पोस्टकार्डाएवढ्या फोटोत भुईमुगाच्या दाण्याएवढा दिसतो. कोळी ज्वारीच्या दाण्याहून थोडा लहान दिसतो. तेवढ्यात पाय मोजता येतात. त्याहून मोठे करायच्या मोहात पडू नये, कारण खरी अडचण पुढेच आहे.

पहिली अडचण उजेडाची. चौपट मोठे करताना नेहमीपेक्षा २५ पट उजेड लागतो. उन्हावर भागत नाही, आणि कॅमेऱ्यातला आरसा उचलला जाताना जो धक्का बसतो त्यानेही चित्र हलते. म्हणून छोटा फ्लॅश वापरावा. त्यावर बटर पेपर लावावा, म्हणजे किडीच्या पाठीवर पांढरे चट्टे पडत नाहीत. पहिल्या रोलवर फ्लॅश ६, ९, १२ आणि १८ इंचांवर ठेवून फोटो घ्या आणि प्रत्येकाचे अंतर वहीत टिपा. रोल धुऊन आला की योग्य अंतर कायमचे कळते.

दुसरी अडचण स्पष्टतेची. लेन्सचे छिद्र एफ ५.६ वर ठेवले तर जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. छिद्र आणखी लहान करावे तर ही जाडी वाढते, पण सगळेच चित्र मऊ पडते. तेव्हा कीड फिल्मला समांतर, आडवी ठेवणे हाच उपाय. डोळ्याला स्पष्ट दिसेपर्यंत कॅमेरा नव्हे, कीड हलवावी. कीड ठेवायची फळी ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टावर बसवा. त्याच्या एका फेऱ्यात फळी १ मिलिमीटर सरकते. बोल्टाच्या डोक्याखाली कंपासमधला कोनमापक चिकटवला, की दहावा हिस्सा फेरा, म्हणजे ३६ अंश, फिरवणे पोरांनाही जमते.

फुलकिडे धरायला मिरचीचा शेंडा किंवा फूल पांढऱ्या कागदावर झटकावे आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचलून बाटलीत घ्यावे. बाटली काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली की ते सुस्तावतात. घरधनिणीची परवानगी आधी काढलेली बरी! कोळी मात्र झटकू नये. पानाचा तुकडाच पालथा करून ठेवावा.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको गावी विल्सन बेंटली नावाचा दुधाचा धंदा करणारा शेतकरी होता. त्याने भात्याचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडला आणि १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचा फोटो घेतला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. थंड पडवीत, हिमकण वितळू नये म्हणून श्वास रोखून, पक्ष्याच्या पिसाने कण काचेवर दाबून तो काम करी. वडिलांना हा खुळेपणा वाटे. १९३१ साली तो वारला तोवर त्याच्याजवळ पाच हजारांवर फोटो जमले होते. आपली कीड निदान वितळत तरी नाही!

फिल्म कोणती घ्यावी? काळी-पांढरी घरी धुता येते आणि पाय मोजायला तेवढी पुरते. पण रंग पाहायचा असेल तर रंगीत रोल घालून शहरात धुवायला पाठवावा. २०२१ साली आंध्र आणि तेलंगणात मिरचीच्या फुलांवर आलेल्या फुलकिड्याने, थ्रिप्स पार्विस्पायनसने, शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान केले. त्याची मादी गडद तपकिरी, जवळजवळ काळी असते, तर मिरचीवरचा आपला नेहमीचा फुलकिडा फिकट पिवळा. काळ्या-पांढऱ्या फोटोत हा फरक नीट कळत नाही. फुलात काळे किडे दिसले तर रोल धुऊन येण्याची वाट न पाहता चार फुले बाटलीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्यावीत.

फोटोच्या पाठीवर तारीख, पीक, झाडाचा कोणता भाग आणि किती पट मोठे केले एवढे पेन्सिलीने लिहावे. शाईचे डाग पुढच्या फोटोला लागतात.