माडाला घालायचे तपकिरी शेवाळ ओळखावे कसे?



पावसाळा ओसरल्यावर मालवण, देवगडच्या कातळ किनाऱ्यांवर भरतीच्या रेघेला तपकिरी शेवाळ येऊन पडते. ‘हे माडाला घातले तर चालेल का?’ असे पुष्कळजण विचारतात. चालेल, पण आधी ते कोणते आहे ते बघा, आणि मीठ काढल्याशिवाय घालू नका.

आपल्याला हवे त्याचे नाव सरगॅसम. एक फांदी हातात घ्या. देठावर पानांसारखी लांबट पाती दिसतील. बहुतेक पात्यांना मधोमध शीर असते, कडा करवतीसारख्या. पात्यांच्या बगलेत मिरीएवढे गोल फुगे असतात. मुले त्यांना फळे समजतात, पण बोटांत दाबा, फट्‌कन फुटेल, आत नुसती हवा! या फुग्यांमुळेच फांद्या पाण्यात उजेडाकडे उभ्या राहतात आणि तुटल्यावर तरंगत किनाऱ्याला लागतात. मुळाशी कातळाला धरणारी लहान चकती असते. वाहून आलेल्या फांदीला ती असेलच असे नाही.

गरम पाण्यात घातले की हे शेवाळ हिरवे होते. हिरवा रंग आत असतोच, वरच्या तपकिरी रंगाखाली झाकलेला. पण ही खात्रीची खूण धरू नका, काही लाल शेवाळेही अशीच हिरवट होतात. खरी खूण फुग्याची.

पंख्यासारखे, वर अर्धगोल रेघा आणि पांढरट चुन्याचा थर असलेले शेवाळ दिसले, तर ते पॅडिना. तेही तपकिरीच, पण त्याला फुगे नसतात. ते फेकायला नको, आपल्या आम्ल जांभ्या जमिनीला चुना नकोसा नाही.

सरगॅसममध्ये पालाश चांगला असतो, आणि माडाला पालाश लागतोही भरपूर. स्फुरद मात्र कमी, म्हणून शेणखत सोडून चालणार नाही. शिवाय ताज्या शेवाळात दहा हिश्श्यांत आठ-नऊ हिस्से पाणीच. गाडीभर आणले तरी वाळून टोपलीभरच उरल्यासारखे वाटते.

नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः उतावळेपणा केला. न धुतलेले शेवाळ आंब्याच्या कलमांभोवती पसरले आणि पंधरवड्यात पानांच्या कडा करपल्या. माड खारेपणा सोसतो, आंबा सोसत नाही. म्हणून जाळ्यांचे तुकडे, प्लास्टिक वेचून काढा, गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. शेवटचे पाणी जिभेला लावून बघा, खारट लागले तर पुन्हा धुवा. धुण्याचे पाणी विहिरीकडे किंवा भातखाचरात जाऊ देऊ नका. मग शेण आणि पालापाचोळ्याबरोबर थर देऊन कुजवा. नुसत्याच शेवाळाचा ओला ढीग लावाल तर सडक्या अंड्यासारखा वास सुटेल.

गुरांना हे घालू नका, पालेभाजीच्या वाफ्यातही नको. यात आर्सेनिक हे विष असते. याच जातीचे हिजिकी नावाचे शेवाळ जपानात खातात. त्याच कारणाने ते खाऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या अन्न खात्याने २००४ साली दिला.

वाहून आलेलेच गोळा करा. कातळावरचे जिवंत शेवाळ ओरबाडू नका. त्यात माशांची पिल्ले आसरा घेतात, आणि चकती शाबूत राहिली तरच पुढच्या हंगामात तिथे पुन्हा फुटवा येतो.