नदीचे आकडे कोणाचे?

ब्रह्मपुत्रेचा पूर आसामच्या दारी येतो, परंतु त्याची पहिली चाहूल तिबेटात लागते. तेथील तीन केंद्रांवर मोजलेली पाण्याची पातळी चीनने पावसाळ्यात भारतास कळवावी, असा करार २००२ साली झाला. २०१७ मध्ये डोकलामचा तंटा पेटला आणि त्या वर्षी आकडे आलेच नाहीत. केंद्रांची दुरुस्ती चालू आहे, अशी सबब बीजिंगने पुढे केली! २०१८ मध्ये आकडे पुन्हा येऊ लागले. कराराची मुदत मात्र जून २०२३ मध्ये संपली.

सीमेवरील तंट्यात नदीकाठच्या शेतकऱ्यास ओलीस धरणे निंद्यच होय. पण आपले हात कितपत स्वच्छ आहेत? पुराच्या दिवसांत आपण बांगलादेशास पूर्वसूचना देतो, हे खरे. तथापि गंगा, सिंधू व ब्रह्मपुत्रा यांच्या प्रवाहाची आकडेवारी आपल्या सरकारने २०१८ च्या धोरणातही गोपनीयच ठेवली.

याच खोऱ्यांची उपग्रहचित्रे मात्र जगात कोणासही फुकट मिळतात. अमेरिकेने लँडसॅटचा संग्रह २००८ पासून विनामूल्य खुला केला. तत्पूर्वी एकेका चित्रास शेकडो डॉलर मोजावे लागत. नदीचे पात्र कोठे सरकले, हे आकाशातून सर्वांस दिसते. त्यातून पाणी किती वाहिले, एवढेच कुलुपात! हे गुपित परक्यांपासून राखले जाते की आपल्याच अभ्यासकांपासून, असा प्रश्न आम्हांस पडतो. चीनकडे आकडे मागताना दिल्लीने आधी आपली कपाटे उघडावीत. निदान वीस वर्षांपूर्वीच्या नोंदी तरी.