पीत पत्रकारिता आणि अमेरिकेचे साम्राज्यवादी वळण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १८९८ च्या एप्रिलमध्ये स्पेनविरुद्ध युद्ध पुकारले आणि १२ ऑगस्ट रोजी ते थांबले. हे युद्ध क्यूबाच्या मुक्ततेसाठी असून ते बेट आपल्या राज्यास जोडण्याचा हेतू नाही, असे अमेरिकी काँग्रेसने टेलर दुरुस्तीच्या द्वारे आरंभीच जाहीर केले होते. तथापि त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी झालेल्या पॅरिसच्या तहाने प्वेर्तो रीको, ग्वाम आणि फिलिपीन्स हे प्रदेश अमेरिकेकडे आले. मध्यंतरी जुलैमध्ये हवाई बेटांचे सामिलीकरणही उरकण्यात आले. वसाहतींच्या बंडातून जन्मलेले राष्ट्र वर्षभराच्या आत स्वतःच वसाहतींचे धनी झाले. या स्थित्यंतराचे खापर न्यूयॉर्कच्या दोन वृत्तपत्रांच्या माथी फोडण्याचा प्रघात आहे. तो कितपत ग्राह्य आहे आणि वृत्तपत्रांचा खरा वाटा कोणता, याचा विचार येथे केला आहे.

१. दोन पत्रांची स्पर्धा

जोसेफ पुलित्झर यांनी १८८३ मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ विकत घेतले, तर विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी १८९५ मध्ये ‘न्यूयॉर्क जर्नल’ ताब्यात घेतले. स्वस्त किंमत, ठळक मथळे, भरपूर चित्रे आणि गुन्ह्यांच्या साद्यंत हकीकती ही दोन्ही पत्रांची साधने होती. ‘वर्ल्ड’मधील पिवळा झगा घातलेल्या पोराचे व्यंगचित्र लोकप्रिय होताच हर्स्ट यांनी १८९६ मध्ये त्याचा चित्रकार रिचर्ड आऊटकॉल्ट यास आपल्याकडे ओढले, ‘वर्ल्ड’ने दुसऱ्या चित्रकाराकरवी तेच चित्र पुढे चालू ठेवले. ‘पीत पत्रकारिता’ हे नाव रूढ झाले ते या चढाओढीतून.

क्यूबातील स्पॅनिश सत्तेविरुद्धचे बंड १८९५ मध्ये सुरू झाले आणि या स्पर्धेस अखंड विषय मिळाला. बातमी कशी वाढविली जाई, याचा एक नमुना पुरेसा आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये ‘ऑलिव्हेट’ या अमेरिकी बोटीवर स्पॅनिश अधिकाऱ्यांनी क्यूबन स्त्रियांची झडती घेतल्याची वार्ता ‘जर्नल’ने छापली. सोबतच्या चित्रात पुरुष शिपायांच्या गराड्यात एक विवस्त्र तरुणी दाखविली होती. झडती वस्तुतः स्त्री-कर्मचाऱ्याने आडोशाला घेतली होती, हे ‘वर्ल्ड’नेच थोड्या दिवसांत उघड केले. प्रतिस्पर्ध्याची लबाडी उघडी पाडणे हेदेखील खपाचेच साधन होते.

२. कारण की निमित्त?

जोसेफ विसान यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, हर्स्ट यांनी ही स्पर्धा छेडली नसती तर युद्ध झाले नसते, असे मत मांडले. तुम्ही चित्रे पुरवा, युद्ध मी पुरवितो, अशा आशयाची तार हर्स्ट यांनी चित्रकार रेमिंग्टन यास केल्याची आख्यायिकाही या मतास पोषक ठरली. परंतु ती तार उपलब्ध नाही. तिचा उल्लेख प्रथम १९०१ मध्ये जेम्स क्रीलमन यांच्या पुस्तकात आढळतो आणि हर्स्ट यांनी तिचा इन्कार केला होता. शिवाय जानेवारी १८९७ मध्ये रेमिंग्टन हवानास पोहोचला, तेव्हा क्यूबात दोन वर्षे युद्ध पेटलेलेच होते. ते कोणी पुरविण्याचा प्रश्नच नव्हता.

क्यूबातील यातनाही कल्पित नव्हत्या. जनरल वायलर यांनी १८९६ पासून खेड्यांतील प्रजेस तटबंदीच्या ठाण्यांत कोंडले. उपासमार व रोगराई यांनी किमान एक लाख माणसे दगावली. व्हर्माँटचे सेनेटर रेडफील्ड प्रॉक्टर स्वतः तेथे जाऊन आले आणि १७ मार्च १८९८ रोजी सेनेटमध्ये त्यांनी कोणताही अभिनिवेश न आणता तेथील स्थिती निवेदन केली. भडक पत्रांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या व्यापारी वर्गावर त्या भाषणाचा मोठा परिणाम झाला.

१५ फेब्रुवारीस हवाना बंदरात ‘मेन’ ही युद्धनौका स्फोटाने बुडाली व अडीचशेहून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. लोकमताने घाई करू नये, असे खुद्द कप्तान सिग्सबी यांनी तारेने कळविले; तरी ‘जर्नल’ने अपराध्याच्या शोधार्थ ५०,००० डॉलरांचे बक्षीस लावून स्पेनला दोषी ठरविण्यास विलंब लावला नाही. पण स्फोट बाहेरील सुरुंगाने झाला, हा निष्कर्ष नौदलाच्या अधिकृत चौकशी मंडळाचाही होता. कोळशाच्या कोठारातील आग हे कारण अधिक संभवनीय, असा निर्वाळा ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने दिला तो १९७६ मध्ये. याखेरीज १८९३ ची मंदी, नव्या बाजारपेठांची गरज आणि सागरी सत्तेविषयीचे माहान यांचे १८९० मधील प्रतिपादन, ही कारणे वृत्तपत्रांपेक्षा खोलवरची होती.

३. सुटकेचे कथानक

मग वृत्तपत्रांचा वाटा कोणता? युद्ध घडविण्यापेक्षा त्यास एक विशिष्ट कथारूप देणे, हा तो वाटा होय. ऑक्टोबर १८९७ मध्ये ‘जर्नल’च्या बातमीदाराने एव्हांजेलिना सिस्नेरोस या बंडखोराच्या कन्येस हवानाच्या तुरुंगातून पळवून न्यूयॉर्कला आणले. तिचे जे स्वागत झाले, तो पत्राच्या पराक्रमाचा सोहळा होता. जुलमी स्पॅनिश, असहाय अबला आणि शूर अमेरिकन अशी तीनच पात्रे या कथेत होती. क्यूबन माणूस स्वतःच्या मुक्ततेसाठी लढणारा नागरिक आहे, ही गोष्ट तीत मावत नव्हती.

तीन वर्षे लढलेल्या कालिस्तो गार्सिया यांच्या सैन्यास जुलै १८९८ मध्ये शरण आलेल्या सांतियागो शहरात प्रवेश नाकारला गेला. पॅरिसच्या वाटाघाटीत क्यूबन वा फिलिपिनो प्रतिनिधीस स्थान नव्हते. फिलिपीन्सचे फेलिपे आगोन्सिल्यो तेथे जाऊनही त्यांचे म्हणणे ऐकले गेले नाही. आगिनाल्दो यांनी १२ जूनलाच घोषित केलेले स्वातंत्र्य बाजूस सारून ती बेटे दोन कोटी डॉलरांच्या मोबदल्यात हस्तांतरित झाली. सोडवून आणलेल्याने सोडविणाऱ्याच्या आज्ञेत राहावे, हा कथेतील गर्भित नियम तहाच्या कलमांतही दिसतो.

सर्व पीत पत्रे एकाच मताची होती, असे मात्र नव्हे. हर्स्ट यांनी विस्ताराचा पुरस्कार केला, तर पुलित्झर यांच्या ‘वर्ल्ड’ने फिलिपीन्सच्या सामिलीकरणास विरोध केला. मार्क ट्वेन, विल्यम जेम्स, कार्नेगी यांच्यासारखी माणसे साम्राज्यविरोधी संघात होती. ६ फेब्रुवारी १८९९ रोजी सेनेटने तह ५७ विरुद्ध २७ मतांनी संमत केला. आवश्यक दोन-तृतीयांशापेक्षा अवघे एक मत अधिक पडले. राष्ट्राचा कौल निःसंदिग्ध नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

४. कथेची कसोटी

मतदानाच्या दोनच दिवस आधी मनिलाजवळ अमेरिकी व फिलिपिनो सैन्यांत लढाई जुंपली होती. १९०२ पर्यंत चाललेल्या या युद्धात ४,००० हून अधिक अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या अनेक पटींनी फिलिपिनो लोक प्राणास मुकले. जनरल ओटिस यांच्या सेन्सॉरमुळे सत्य दडपले जात असल्याचा निषेध अमेरिकी बातमीदारांनी जुलै १८९९ मध्ये हाँगकाँगमार्गे तारेने धाडला. १९०१ च्या अखेरीस जनरल बेल यांनी बातांगास प्रांतातील प्रजेस सक्तीने ठरावीक वस्त्यांत एकत्र केले. वायलर यांच्या ज्या उपायावर अमेरिका संतप्त झाली होती, त्याचीच ही आवृत्ती होती. साम्राज्यविरोधी मंडळींनी हे साम्य दाखवून दिले आणि १९०२ मध्ये सेनेटच्या समितीपुढे साक्षीही झाल्या. परंतु १८९८ सारखा क्षोभ उसळला नाही.

क्षोभ का उसळला नाही, याचे एक कारण त्या कथारूपातच सापडते. करुणा खरी होती. मात्र दुःखितांचा हक्क मान्य करण्यापेक्षा स्वतःच्या औदार्याची प्रतिमा रंगविण्यातच ती खर्ची पडली होती. म्हणून जुलूम करणारा हात बदलताच तिला विषय उरला नाही. खळबळजनक पत्रकारितेचा अभ्यास करताना तिने किती असत्य छापले, एवढेच मोजणे पुरेसे नाही. सत्य दुःखाचे वर्णन करतानाही तिने कोणास बोलू दिले व कोणास केवळ चित्रात बसविले, याची तपासणी अधिक महत्त्वाची ठरते.